घर टेक्सासात, सही न्यू मेक्सिकोत : एका नर्स प्रॅक्टिशनरच्या निवडीचं प्रकरण

ऑक्टोबर २०२३. शुक्रवार, दुपारचे साडेतीन. तिचा फोन आला आणि मी दचकलेच, कारण शुक्रवारी दुपारी तिच्या क्लिनिकात पाय ठेवायला जागा नसते.

"अक्का, माझी सही गेली."

मला आधी वाटलं, पर्स चोरीला गेली.

झालं होतं ते असं. टेक्सासातल्या एल पासो शहरात एका खासगी क्लिनिकमध्ये ती चार वर्षं नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करत होती. पेशंट तपासायची, निदान करायची, औषधं लिहायची. क्लिनिकात डॉक्टर नव्हताच. तो होता सहाशे मैलांवर डॅलसमध्ये. पण टेक्सासच्या कायद्याप्रमाणे तिचा औषधं लिहिण्याचा अधिकार त्या डॉक्टरने तिला लेखी करार करून दिलेला होता, तिचा स्वतःचा नव्हता. महिन्यातून एकदा व्हिडिओवर बैठक व्हायची, काही केसपेपर चाळले जायचे, आणि क्लिनिकचा मालक डॉक्टरला महिन्याचे अडीच हजार डॉलर पाठवायचा. त्या शुक्रवारी दुपारी डॉक्टरची ईमेल आली की आजपासून मी या करारातून बाहेर. करारात पर्यायी डॉक्टरच्या नावासाठी रकाना होता. त्यात ज्याचं नाव होतं तो वर्षभरापूर्वीच निवृत्त झाला होता आणि नवं नाव भरायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ईमेल आली तेव्हा तिच्यासमोर एकाहत्तर वर्षांच्या आजी बसल्या होत्या. मधुमेह आणि रक्तदाब. दोन बस बदलून आलेल्या. मेटफॉर्मिन आणि लिसिनोप्रिल, त्याच गोळ्या, तेवढ्याच मिलिग्रॅमच्या, ती चार वर्षं लिहून देत होती. संगणकावर औषधं भरून झाली होती, फक्त 'पाठवा' दाबायचं बाकी होतं. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग फार्मसीला फोन लावला. टेक्सासात फार्मासिस्टला अडीअडचणीला बहात्तर तासांपुरतं औषध देता येतं, म्हणून आजींना तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या मोजणाऱ्याला जे करता येत होतं ते तपासणारीला करता येत नव्हतं. हे ती मला पुन्हापुन्हा सांगत होती.

तिचं नाव मी देत नाही. मिरजेत सगळे तिला 'सिस्टर' म्हणायचे, इथेही तेच म्हणते. आम्ही दोघी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलच्या. ते हॉस्पिटल अमेरिकन मिशनचे डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलं. मी तिच्या सहा बॅच पुढे, म्हणून अक्का. मी ॲरिझोनात फिनिक्सला असते, तिच्यासारखीच नर्स प्रॅक्टिशनर. दर दोन-चार महिन्यांनी कुणा मराठी नर्सचा फोन येतो, "अक्का, कुठल्या राज्यात जाऊ?" बहुतेकींना पगाराचा आकडा हवा असतो. या प्रकरणात पगार सगळ्यात शेवटी आला, म्हणून ते सविस्तर लिहायचं ठरवलं. तिला वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं, तेही जिथल्या तिथे येईल.

सिस्टर तिथवर पोचली कशी

२००५ साली अमेरिकी संसदेने नर्सेस आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी, मागच्या वर्षांत न वापरलेले ५०,००० कायमवास्तव्याचे व्हिसा पुन्हा खुले केले. भारत आणि फिलिपिन्समधल्या हजारो नर्सेस त्या लाटेत आल्या. २००६ ची अखेर येईतो तो कोटा संपला, आणि मग भारतातल्या नर्सेसच्या वाट्याला अनेक वर्षांची रांग आली. सिस्टर त्या फटीतून शेवटी-शेवटी आत शिरली. एजन्सीने एल पासोच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळी दिली. एल पासो कुठे आहे हे तिने विमानात बसल्यावर नकाशात पाहिलं.

नवरा इंजिनियर. एल पासोला लागूनच नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ शहर आहे, आणि तिथे अमेरिकन कंपन्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने ओळीने उभे आहेत. नवऱ्याला त्यातल्या एकात गुणवत्ता तपासणीची नोकरी मिळाली. पगार अमेरिकेतल्या कंपनीकडून, काम मेक्सिकोत. गेली चौदा वर्षं तो रोज सकाळी पूल ओलांडून परदेशात जातो आणि संध्याकाळी घरी येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिने नोकरी करत नर्सिंगमध्ये मास्टर्स केलं, २०१८ मध्ये फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची परीक्षा दिली. मिरजेला कळवलं तर तिच्या आत्याने विचारलं, "म्हणजे आता तू डॉक्टर का?" नाही. हा पेशा १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी तो उभा केला. जिथे डॉक्टर पोचत नाहीत तिथे अनुभवी नर्सला जादा शिक्षण देऊन पेशंट तपासू द्यायचे, ही मूळ कल्पना. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन. आपल्याकडेही इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आणला आहे, पण सिस्टरने लिहिलेली चिठ्ठी घेऊन मिरजेच्या बाजारातला मेडिकलवाला अजून तरी गोळ्या देणार नाही.

अमेरिकेत देतो, पण कुठल्या राज्यात उभी आहात त्यावर. निम्म्याहून थोड्या अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःच्या लायसन्सवर पूर्ण काम करता येतं. काही राज्यांत एखाद्या गोष्टीपुरता डॉक्टरशी करार लागतो. आणि टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पान हलत नाही. टेक्सासात एक डॉक्टर सातजणांपर्यंत असा अधिकार वाटू शकतो. म्हणजे तुमचा पेशंट, तुमचं निदान आणि सात सह्यांचा मालक भलताच. टेक्सासच्या शेजारच्या न्यू मेक्सिको राज्याने मात्र १९९३ सालीच ही अट काढून टाकली.

एल पासो हे टेक्सासच्या पार पश्चिम टोकाला. बाकीच्या बहुतेक टेक्सासपेक्षा तिथलं घड्याळही एक तास मागे, न्यू मेक्सिकोच्या वेळेवर चालणारं. शहराच्या घरांमधून गाडी हाकत वीस मिनिटं गेलं की अँथनी नावाचं गाव लागतं. गाव एक, राज्यं दोन. हद्द गावातूनच जाते, आणि अलीकडे अँथनी टेक्सास, पलीकडे अँथनी न्यू मेक्सिको. पुढे पंचवीसेक मैलांवर लास क्रूसेस शहर.

इतकी वर्षं ती त्या हद्दीपलीकडे फक्त मिरच्या आणायला जात होती. सप्टेंबरात हॅच गावच्या हिरव्या मिरच्या रस्त्याकडेला लोखंडी पिंपात फिरवून भाजून देतात. ती पोतंभर आणून ठेचा करून फ्रीझरमध्ये ठेवते.

चार दारं

तीन आठवडे ती घरी बसली. क्लिनिकचा मालक रोज सांगत होता, "सोमवारपर्यंत नवा डॉक्टर मिळतो." या काळात तिच्यासमोर चार पर्याय आले, आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं होतं.

पहिला, तिथेच थांबायचं. मालकाला चौथ्या आठवड्यात डॉक्टर मिळालाही, ह्यूस्टनचा. तिने एकच प्रश्न विचारला, हा गेला तर? मालक म्हणाला, मग दुसरा शोधू. तिला उत्तर मिळालं.

दुसरा, एल पासोतल्याच एका हॉस्पिटलात रात्रपाळी, दाखल पेशंटची देखभाल. १,२८,००० डॉलर. त्या वर्षी देशभरातल्या नर्स प्रॅक्टिशनरचं मध्यम वार्षिक वेतन सव्वा लाखाच्या आसपास होतं, म्हणजे आकडा चांगला. डॉक्टर इमारतीतच, सहीची भानगड नाही. पण तिचं प्रशिक्षण फॅमिलीचं, म्हणजे बाह्यरुग्ण, प्राथमिक उपचाराचं. वॉर्डातल्या गंभीर पेशंटसाठी वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळी परीक्षा आहे. हॉस्पिटलं माणसं मिळत नाहीत म्हणून फॅमिलीवाल्यांना सर्रास घेतात, आणि काही वावगं झालं की नर्सिंग बोर्ड विचारतं, हे तुमच्या शिक्षणात बसत होतं का? तेव्हा हॉस्पिटल बाजूला उभं राहतं. यावर माझं मत ठाम आहे आणि मी ते जरा मोठ्या आवाजात सांगितलं. ती तशीही रात्रपाळीला विटली होती.

तिसरा पर्याय नणंदेचा. नणंद ह्यूस्टनजवळ राहते. मोठं महाराष्ट्र मंडळ, गणपतीत ढोल-ताशा, मराठी शाळा, मीनाक्षीचं देऊळ, कोपऱ्यावर चितळ्यांची बाकरवडी. "वहिनी, तिथं एल पासोत आहे कोण तुमचं?" प्रश्न खोटा नव्हता. एल पासोत गणपतीला आठ-दहा घरं जमतात. नदी आहे, पण ती म्हणजे सिमेंटचा पाट आणि बाजूने सीमेचं कुंपण, त्यामुळे विसर्जन कुणाच्या तरी परसात टबात. सिस्टर ह्यूस्टनकडे खरोखर ओढली गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. पण ह्यूस्टन म्हणजे पुन्हा टेक्सासच. गर्दी मराठी मिळाली असती, सही तीच उसनी राहिली असती.

चौथा माझा. फिनिक्सला ये. ॲरिझोनात पूर्ण अधिकार आहे, राज्याचा आयकर सरसकट अडीच टक्के, आमच्याच क्लिनिकात जागा निघणार होती. मी तिला जवळजवळ महिनाभर हे ऐकवत होते. इथे तिची पहिली दुरुस्ती. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही लिहिता 'सुचवलं'. तुम्ही सुचवलं नव्हतं, तुम्ही माझ्यासाठी भाड्याचं घर बघितलं होतं." बघितलं होतं. नवऱ्याची नोकरी साडेचारशे मैलांवर राहील, आणि त्या जुलैत फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ सेल्सियसला किंवा त्याहून वर होता, हे मी सोयीने विसरले होते.

चारही दारांत एक गोष्ट समान होती. राहायचं आणि काम करायचं ठिकाण एकच, असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ते सोडवलं नवऱ्याने. जेवताना म्हणाला, "मी रोज दुसऱ्या देशात कामाला जातो. तुला शेजारच्या राज्यात जायला काय झालं?"

रेघेपलीकडचं गणित

अँथनीच्या न्यू मेक्सिकोकडच्या भागात एक सामुदायिक आरोग्य केंद्र होतं. अशा केंद्रांना केंद्र सरकारचं अनुदान असतं. अट अशी की कुणालाही, पैसे असोत-नसोत, परत पाठवायचं नाही. फी उत्पन्नाप्रमाणे. तिथे नर्स प्रॅक्टिशनरची जागा आठ महिने रिकामी होती. १,१७,००० डॉलर, आठवड्याचे चाळीस तास, रात्रपाळी नाही.

आम्ही तिघांनी फोनवर कागद मांडले. ते थोडं खुलवून सांगते, कारण माणसं इथेच ढोबळ चुकतात.

टेक्सासात राज्याचा आयकर नाही, हे सगळे सांगतात. घरपट्टी किती हे कुणी सांगत नाही. तिच्या एल पासोच्या घराला वर्षाला सात हजारांच्या आसपास जात होती, आणि तेवढ्याच घराला लास क्रूसेसमध्ये तीन. न्यू मेक्सिकोत आयकर आहे. कामाची जागा तिथे म्हटल्यावर राहायला टेक्सासात असली तरी तिच्या पगारावर तो लागणारच, साडेचार-पाच हजार. टेक्सासात करच नाही, म्हणजे वळता करून घ्यायलाही काही नाही. बिऱ्हाडच पलीकडे नेलं तर घरपट्टी वाचते, पण मग नवऱ्याच्या पगारावरही न्यू मेक्सिकोचा हात पडतो. नवऱ्याने दोन्ही बेरजा केल्या. फरक वर्षाला दोनशे डॉलरचा निघाला. दोन रविवार घालवून दोनशे डॉलर! एक मात्र झालं, त्यानंतर कराचा विषय कुणी काढला नाही.

मग विम्याचं. अमेरिकेत हलगर्जीपणाच्या दाव्यांची धास्ती प्रत्येकाला असते. टेक्सासने २००३ मध्ये वेदना-मनस्तापाच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली, न्यू मेक्सिकोत मर्यादा त्याहून बरीच वर, म्हणून तिथे विम्याचे हप्ते चढे आणि डॉक्टरही नाखूश. खासगी क्लिनिक असतं तर हा मुद्दा जड गेला असता. पण अशा अनुदानित केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांवरचा दावा केंद्र सरकार स्वतःवर घेतं, हप्ता भरायचा प्रश्नच नाही. जुन्या नोकरीचा विमा मात्र तिला चावला. तो 'दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी' या जातीचा होता. नोकरी सोडल्यावर जुन्या पेशंटपैकी कुणी दोन वर्षांनी दावा केला तर संरक्षण शून्य. त्यासाठी मागची शेपटी वेगळी विकत घ्यावी लागते, तिला नावही 'टेल' असंच आहे. ती कोण भरणार हे तिच्या करारात लिहिलेलं नव्हतं. मालकाने हात वर केले. तिने पदरचे दोन हजारांच्या वर भरले. कुठलीही नोकरी धरताना करारात ही ओळ शोधा. नसेल तर घालून घ्या.

पेशंटचं गणित वेगळंच होतं. गरिबांसाठीची मेडिकेड योजना न्यू मेक्सिकोने २०१४ मध्ये वाढवली, टेक्सासने आजवर नाही. एल पासोतल्या तिच्या क्लिनिकात लोक घडी घातलेल्या वीस-वीसच्या नोटा घेऊन यायचे, आणि रक्ताची तपासणी सांगितली की विचारायचे, "पुढच्या महिन्यात केली तर?" हद्दीपलीकडे त्याच आडनावाची, त्याच आजाराची माणसं कार्ड दाखवतात. आणि अशा केंद्राला मेडिकेडकडून दर भेटीमागे ठरलेली रक्कम मिळते, डॉक्टरने तपासलं काय आणि नर्स प्रॅक्टिशनरने तपासलं काय. त्यामुळे तिथे आपण 'स्वस्तातला डॉक्टर' म्हणून बसत नाही.

राहिलं शिक्षणाचं कर्ज, ४२,००० डॉलर. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर नावाची सरकारी योजना टंचाईच्या भागात दोन वर्षं पूर्णवेळ काम करणाऱ्यांचं कर्ज फेडते. २०२४ च्या फेरीत प्राथमिक उपचारवाल्यांसाठी मर्यादा ७५,००० पर्यंत होती. याच्या चार बाजू कुणी सांगत नाही. अमेरिकी नागरिकत्व लागतं, ग्रीनकार्ड चालत नाही. सिस्टर नागरिक झाली होती म्हणून निभावलं. अर्ज नोकरी धरल्यावरच करता येतो, आणि मिळेलच असं नाही. आणि मधेच सोडलंत तर न केलेल्या कामाच्या काळापोटी घेतलेले पैसे परत, शिवाय उरलेल्या दर महिन्यामागे साडेसात हजार दंड, शिवाय व्याज. वर्षातले सात आठवडे सोडले तर बाहेर राहता येत नाही. मिरजेला सासूबाई ऐंशीच्या पुढे. तिने हा मुद्दा कागदावर लिहिला नाही, पण रात्री दीडला मला त्याच्याबद्दलच फोन केला होता.

आणि मग घर टेक्सासातच का? मुलगी तेव्हा अकरावीत होती. टेक्सासात १९९७ पासून नियम आहे की सरकारी विद्यापीठांत शाळेतल्या वरच्या क्रमांकाच्या मुलांना थेट प्रवेश. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी तिच्या वर्षाला तो वरचे सहा टक्के होता. मुलीचा वर्गात नववा क्रमांक, साडेचारशेत. लास क्रूसेसला नेलं असतं तर तो क्रमांक टेक्सासच्या हद्दीतच राहिला असता. न्यू मेक्सिकोने २०२२ पासून राज्यातल्या मुलांना सरकारी कॉलेजची फी माफ केली आहे, हे मी सांगून पाहिलं. मुलीने माझ्याकडे जसं बघितलं ते मला व्हिडिओवरही कळलं.

काय झालं

नर्सचं मूळ लायसन्स टेक्सासचं, आणि दोन्ही राज्यं परस्परकरारात असल्याने ते पलीकडेही चालत होतं. नर्स प्रॅक्टिशनरचं लायसन्स मात्र न्यू मेक्सिकोचं वेगळं. नियंत्रित औषधांसाठी केंद्र सरकारची नोंदणीही राज्यागणिक वेगळी, तीन वर्षांचे ८८८ डॉलर. मग प्रत्येक विमा कंपनीकडे नाव चढवायचं. ऑक्टोबरअखेर सुरू केलेली धावपळ फेब्रुवारीअखेर संपली. चार महिने घर एका पगारावर. अँथनी गाव स्वतःला लीप वर्षाची जागतिक राजधानी म्हणवतं, आणि २०२४ लीप वर्ष. तिची पहिली ओपीडी त्याच आठवड्यात. रस्त्यावर पताका, आणि आत बत्तीस पेशंट.

दुसरी दुरुस्ती इथे आहे. मी आधी लिहिलं होतं की पहिल्या दिवसापासून तिला मोकळं वाटलं. तिने तो कागद माझ्या हातातून घेतला. "मोकळं नाही, अक्का. भीती वाटली."

जूनमधली गोष्ट. साठीतला एक माणूस, पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, बागांत आयुष्यभर राबलेला, स्वादुपिंडाचा कर्करोग. कर्करोगाचे डॉक्टर दोन आठवड्यांनी भेटणार, हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या सेवेत, नाव अजून घातलेलं नाही. वेदना अशी की खुर्चीवर बसवेना, भिंतीला टेकून उभा. बायको त्याची टोपी हातात धरून. मॉर्फिनच्या गोळ्या हव्या होत्या. टेक्सासात क्लिनिकात बसून कडक नियंत्रणातल्या औषधांचा हा वर्ग तिला लिहिताच आला नसता, हॉस्पिटल आणि हॉस्पिस सोडून. डॅलसला फोन, मग वाट, मग कदाचित इमर्जन्सी विभाग. इथे तिला कुणाला विचारायचं नव्हतं. तिने आधीच्या औषधांची सरकारी नोंद उघडून पाहिली, किडनीचा रिपोर्ट पाहिला, मात्रा लिहिली, खोडली, कमी करून लिहिली. बद्धकोष्ठाचं औषध जोडलं. मग दार लोटून पाच मिनिटं नुसती बसली. चार वर्षं 'सही माझी का नाही' म्हणून ती चिडत होती, आणि आता ती सही फक्त तिची होती.

तिने केंद्राच्या दुसऱ्या शाखेतल्या डॉक्टरबाईंना फोन केला. कायद्याला तो नको होता, तिला हवा होता. बाई म्हणाल्या, मात्रा ठीक आहे, परवा फोन करून विचार. तेव्हापासून दोघींचा दर गुरुवारी अर्ध्या तासाचा फोन ठरला, अवघड केसपेपर घेऊन. टेक्सासातल्या मासिक बैठकीपेक्षा देखरेख जास्तच झाली म्हणायची, फक्त तिने मागून घेतलेली, आणि अडीच हजार डॉलर कुणाला जात नाहीत. मी फिनिक्सला 'पूर्ण अधिकार, पूर्ण अधिकार' म्हणून जे गात होते, त्यात मी कधी तिला विचारलं नव्हतं की अडलं तर फोन कुणाला करशील. आता जी कुणी फोन करते तिला मी तेच आधी विचारते.

कर्जाचा अर्ज मंजूर झाला. ४२,००० फिटतील, आणि २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत ती अँथनीला बांधलेली आहे. गेल्या डिसेंबरात सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तिने सात आठवड्यांतले पाच एका दमात वापरले, उरलेले दोन मुठीत धरून बसली आहे. हे तिला जड जातं, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

एल पासोच्या त्या आजी मार्चमध्ये आल्या. भाच्याच्या ट्रकमधून. गोळ्या क्लिनिकच्याच औषधखिडकीतून मिळाल्या, नव्वद दिवसांच्या.

मुलगी यंदा ऑगस्टमध्ये ऑस्टिनला गेली. टेक्सासात राहायचं एक कारण तिच्याबरोबर गेलं. नवरा-बायको रविवारी लास क्रूसेसकडची घरं बघतात. एकाच्या मागे पेकानची तीन झाडं आहेत, पुढच्या खोलीत देव्हाऱ्याला पूर्वेची भिंतही आहे, पण नवऱ्याला पुलापर्यंत रोजचा पाऊण तास जास्त पडेल. गेल्या आठवड्यात तिच्या टेक्सासच्या नर्स प्रॅक्टिशनर लायसन्सच्या नूतनीकरणाची ईमेल आली. दोन वर्षांत त्या लायसन्सवर तिने एक गोळी लिहिलेली नाही. नवरा म्हणाला, सोडून दे. तिने उत्तर दिलं नाही, पर्समधून कार्ड काढलं आणि भरून टाकलं.